वेगळ्या घडणीचे गर्भाशय आणि गर्भारपण

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिचे गर्भाशय दोन नळ्यांपासून घडते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३० मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना म्युलर नलिका म्हणतात. या नळ्या शेजारी येतात, एकमेकींना जुळतात आणि मधली भिंत साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत विरून जाते. एक नळी वाढलीच नाही तर गर्भाशय एकशिंगी राहते. जुळणी अर्धवट राहिली तर दुशिंगी, मुळीच झाली नाही तर दुहेरी. जुळणी होऊनही भिंत विरली नाही, तर आत पडदा उरतो. सर्वसाधारण स्त्रियांमध्ये शंभरात पाच-सहा जणींना असा काही फरक असतो. गर्भपात झालेल्या स्त्रियांत हे प्रमाण तेराच्या आसपास जाते. जन्माआधी घडलेल्या या गोष्टीला त्या स्त्रीचे खाणेपिणे, काम किंवा वागणूक जबाबदार नसते. गर्भपाताचा दोष तिच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

पुढचे सारे नियोजन नेमका प्रकार ओळखण्यावर अवलंबून असते. गर्भाशय आणि गर्भनलिकांच्या एक्स-रेमध्ये आतली पोकळी तेवढी दिसते, त्यामुळे पडद्याचे आणि दुशिंगी गर्भाशय जवळजवळ सारखेच भासते. फरक बाहेरच्या आकारात असतो: दुशिंगी गर्भाशयाचा माथा पत्त्यातल्या बदामासारखा खचलेला असतो, पडद्याच्या गर्भाशयाचा नसतो. थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय हा फरक दाखवते. पडदा दुर्बिणीने कापता येतो. दुशिंगी गर्भाशयाला पडद्याचे समजून कापायला गेल्यास पिशवीला भोक पडण्याचा धोका असतो.

पडदा कापावाच का, हा प्रश्नही आता खुला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत पडदा असलेल्या ८० स्त्रियांचे दोन गट केले होते. शस्त्रक्रिया झालेल्या गटात ३१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले, शस्त्रक्रिया न झालेल्या गटात ३५ टक्के. चाचणी लहान होती, त्यामुळे शेवटचा शब्द तिचा नाही. पण निव्वळ तपासणीत पडदा दिसला म्हणून ऑपरेशनची घाई करण्याला आधार उरत नाही.

दिवस राहिल्यावर पहिली सोनोग्राफी लवकर करावी लागते, कारण गर्भ नेमका कुठे रुजला हे पाहायचे असते. एकशिंगी गर्भाशयाशेजारी कधीकधी अपुरे वाढलेले लहान शिंग असते. त्याला बाहेरची वाट नसली, तरी दुसऱ्या बाजूने आलेले शुक्रजंतू पोटाच्या पोकळीतून तिथवर पोहोचतात आणि गर्भ राहतो. तिथली भिंत ताण सोसू शकत नाही. बहुतेकदा चौथ्या ते सहाव्या महिन्यात ती फुटते आणि पोटात प्रचंड रक्तस्राव होतो. या एका प्रकारात वाट पाहण्याला जागा नाही. ते शिंग शस्त्रक्रियेने काढावेच लागते.

इतर प्रकारांत मुख्य काळजी अकाली प्रसूतीची. सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यादरम्यान योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात. त्या वेळी लघवीची पिशवी रिकामी लागते. भरलेली असेल तर दाबामुळे तोंड खोटेच लांब दिसते. लांबी २५ मिलिमीटरच्या खाली गेली तर योनीमार्गातून प्रोजेस्टेरॉन देतात आणि आधी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण झाले असेल तर टाक्याचा विचार करतात. हा टाका मराठी वाचकाच्या घरचा आहे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये ही शस्त्रक्रिया मांडली. मांडीच्या स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून ती ते तोंडाभोवती बांधत. १९५७ मध्ये मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत दिली, तीच आज अधिक वापरली जाते. मात्र घडण वेगळी आहे एवढ्यावरून प्रत्येकीला टाका घालणे योग्य नाही. महिनोन्महिने पलंगावर झोपवून ठेवल्यानेही प्रसूती लांबते असे दिसलेले नाही. उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

गर्भाशय आणि मूत्रपिंडे यांची घडण एकाच काळात होते, त्यामुळे एकशिंगी व दुहेरी गर्भाशयाबरोबर एक मूत्रपिंड नसणे बरेचदा आढळते. मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यावी, रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने नेमाने तपासावीत. बाळाची वाढही अधूनमधून मोजावी लागते.

जागा अपुरी असल्याने मूल पायाळू राहण्याचे प्रमाण जास्त असते. बाहेरून हाताने मूल फिरवणे इथे सहसा टाळतात आणि सिझेरियन ठरवतात. डोके खाली असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर नैसर्गिक बाळंतपण शक्य असते.

ठरावीक वेळाने पोट कडक होणे, कंबरेतून कळा येणे, पाणी जाणे किंवा रक्त दिसणे, यांपैकी काहीही घडले तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात प्रसूतीची चिन्हे दिसली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने बारा-बारा तासांच्या अंतराने देतात. त्यांना वेळ मिळायला हवा. म्हणून नवजात अतिदक्षता कक्ष असलेले रुग्णालय सातव्या महिन्याआधीच ठरवलेले बरे. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते. जोखमीच्या गर्भारपणाची नोंद तिथे करून घेता येते.

बाळंतपणानंतर वार अडकण्याकडे आणि रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावे लागते. सिझेरियन झाले तर गर्भाशयाचा आकार डॉक्टरांना प्रत्यक्ष दिसतो. तो कसा होता, छेद कुठे व कोणत्या दिशेने घेतला, हे कागदावर लिहून मागावे आणि तो कागद पुढच्या गर्भारपणात पहिल्याच तपासणीला दाखवावा.