विशेषण निवडताना

बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतून आलेल्या इंग्रजीच्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मनापासून आभार. आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे: सारख्या अर्थाच्या इंग्रजी विशेषणांतून नेमके विशेषण निवडायला मुलांना कसे शिकवायचे?

2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. तरी फळ्यावर आपण अजून 'बिग म्हणजे लार्ज' एवढेच लिहून पुढे जातो. मूल ते पाठ करते आणि पेपरात 'लार्ज मिस्टेक' लिहून येते. आपण लाल रेघ मारतो. तिथे 'बिग'च का हवे, ते मात्र सांगायचे राहून जाते.

ते समजावण्याचे साधन मुलाच्या मराठीतच आहे. आपला कडक चहा इंग्रजीत 'स्ट्राँग' होतो, कडक गुरुजी 'स्ट्रिक्ट' आणि वाळून कडक झालेली भाकर 'हार्ड'. उलट इंग्रजीतल्या एका 'थिक'साठी आपण दाट जंगल, घट्ट दही, जाड पुस्तक असे तीन शब्द वापरतो. 'घट्ट जंगल' असे आपल्या वर्गातले एकही पोर म्हणणार नाही. हे त्याला कुणी शिकवलेले नाही. कोणते विशेषण कोणत्या नामाबरोबर येते, ते ऐकून ऐकून त्याच्या कानात बसले आहे. शब्द ओळखावा तो त्याच्या सोबतीच्या शब्दांवरून, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1957 साली मांडला. आपल्या वर्गात तो रोज उपयोगी पडेल.

काही जोड्यांत मात्र सोबत पाहून भागत नाही, अर्थच तपासावा लागतो. सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचे जन्मस्थान, 'हिस्टॉरिक' आहे, कारण इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. तहसिलातले जुने दप्तर 'हिस्टॉरिकल' आहे, कारण ते गतकाळाची नोंद सांगते. लोणारच्या सरोवराचे पाणी 'सलाइन' आहे आणि 'अल्कलाइन'ही आहे. पहिला शब्द पाण्यातल्या क्षारांचे प्रमाण सांगतो, दुसरा त्याचा सामू सातच्या वर असल्याचे. 'सॉल्टी' ही जिभेला कळणारी चव. आपणही भाजीला खारट म्हणतो आणि पाण्याला खारे.

तिसरी गोष्ट बोलणाऱ्याच्या मनाची. 'थिन'ने नुसते वर्णन होते, 'स्लिम'ने कौतुक होते, 'स्किनी' बहुतेकदा टोचते. मुलीला वर्गात 'स्किनी' म्हटले तर तिला काय वाटेल, हे कळणे हाही भाषाशिक्षणाचाच भाग आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. शब्दार्थाच्या वहीत एकटे विशेषण लिहू देऊ नका. नामासकट लिहून घ्या: 'हेवी रेन', 'स्ट्राँग विंड', 'टॉल ट्री', 'हाय माउंटन'. आठवड्याला अशा पाचच जोड्या घ्या, पण त्यांवर मुलांना स्वतःच्या गावाबद्दल वाक्ये करायला लावा आणि ती मोठ्याने वाचून घ्या. संग्रामपूर-मोताळ्याची मुले पुढे मुलाखतीला बसतील तेव्हा शब्द आठवत नाही म्हणून अडतील त्यापेक्षा, आठवलेल्या तीन शब्दांतला कोणता वापरावा या धास्तीने जास्त अडतील. ती धास्ती काढणे आपल्या हातात आहे आणि त्यासाठी नवे पुस्तक लागत नाही, नवा निधीही लागत नाही. येत्या सोमवारच्या तासापासूनच सुरुवात करा, एवढे आवाहन करून मी थांबतो.