भुईआवळी आणि क्षयाच्या गोळ्या

पावसाळा लागला की बांधावर, परसात भुईआवळी आपोआप उगवते. काविळीवर ती वाटून देतात, हे तुम्हांला सांगायला नको. आजचा प्रश्न जरा वेगळा आहे.

क्षयावरचा उपचार निदान सहा महिने चालतो. त्यातली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही औषधे काही रोग्यांच्या यकृताला बाधतात. मग घरची मंडळी म्हणतात, "गोळ्या बंद कर, भुईआवळी घे."

भुईआवळी किंवा कुटकी यांचा अर्क उंदरांना अगोदर पाजला आणि नंतर पॅरासिटामॉल भारी मात्रेत दिले, तर यकृताची हानी कमी झाली, असे प्रयोगांत दिसले आहे. पण तो अर्क मोजूनमापून काढलेला, आणि तोही अगोदर दिलेला! आपण वाटतो तो मूठभर पाला. त्यात भुईआवळीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वनस्पतीही येतात. शिवाय झाडपाला म्हणजे निर्धोक, असेही नाही. गुळवेल घेतल्यावर यकृत बिघडलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. त्यावर वादही झाला.

गोळ्या मधेच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, तेवढ्याने घाबरू नका. मात्र डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना गेली, उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोणती गोळी थांबवायची, हे डॉक्टर रक्त तपासून ठरवतील. घरी काही पाला घेतला असेल, तर तोही त्यांना दाखवा.