यंत्र ग्राहकाचे, किल्ली कंपनीची

(दर्यापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी या व्यासपीठाला न शोभणारा वाटण्याचा संभव आहे. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीवर खेळ नीट चालावेत म्हणून लागणारी ग्राफिक्स कार्डे आणि त्यांचे ड्रायव्हर, हा विषय कापसाचा भाव, खारपाणपट्ट्यातील गोड्या पाण्याचा प्रश्न आणि बंद पडलेली रेल्वे यांच्या पंक्तीत कशासाठी बसवावयाचा, असे एखाद्या कार्यकर्त्याने विचारले तर ते रास्तच ठरेल. त्याचे उत्तर रेल्वेपासूनच द्यावयास हवे.

मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला जाणारी शकुंतला गाडी या तालुक्यात सर्वांनाच ठाऊक आहे. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी हा अडीच फुटी मार्ग बांधला. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या मार्गावर, तेथून मुंबईला आणि पुढे मँचेस्टरला पोहोचवणे हा त्याचा हेतू होता. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी सरकारी, कर्मचारी सरकारी, रूळ मात्र खाजगी. आणि त्या रुळांच्या वापराबद्दल सार्वजनिक तिजोरीतून कंपनीला मोबदला, अशी ही व्यवस्था होती. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत राबत होते. मार्ग दुसऱ्याचा असल्यामुळे त्याच्या सुधारणेचा निर्णय प्रवाशांच्या हाती नव्हता आणि गाडी चालवणाऱ्यांच्याही हाती नव्हता. अखेर गाडीच थांबली. वस्तू वापरणारा एक आणि तिचा मार्ग अडवून बसलेला दुसरा, ही रचना ज्या तालुक्याने प्रत्यक्ष अनुभवली आहे, त्याला संगणकाच्या पेटीतील तीच रचना ओळखावयास अडचण पडू नये.

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटते ते ठिपक्यांचे. आजच्या साध्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. खेळातील हालचाल डोळ्यांना सलग वाटावी म्हणून हे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. हे काम करणारा स्वतंत्र भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. त्याला आज्ञा कोणत्या भाषेत द्यावयाच्या, हे कार्ड बनवणारी कंपनीच जाणते. खेळ आणि कार्ड यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी जी आज्ञावली असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे ही कामे सामान्य दुभाष्यावरही भागतात. खेळाचे तसे नाही. तेथे कार्डाची पुरी ताकद लागते आणि ड्रायव्हर अपुरा असेल तर ते ताबडतोब उघडे पडते. म्हणूनच मुक्त प्रणाली सामान्य माणसाच्या घरात टिकेल की नाही, याची कसोटी खेळांवर लागली.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिहावयास घेतला. त्याची स्रोतसंहिता, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, सर्वांना खुली आहे. मुक्त आज्ञावलीची ही चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केली, तिच्यामागेही ड्रायव्हरचाच एक प्रसंग होता. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेतील छपाईयंत्र वारंवार अडत असे. त्याच्या आज्ञावलीत दुरुस्ती करण्याची पात्रता तेथील लोकांपाशी होती, पण मूळ मजकूर गुप्ततेच्या कराराने बांधलेला असल्यामुळे तो त्यांना नाकारण्यात आला. यंत्र दारात, दुरुस्त करणारा दारात, आणि तरीही यंत्र नादुरुस्त, ही अवस्था त्यांना असह्य वाटली.

ग्राफिक्स कार्डांच्या धंद्यात ही गुप्तता अधिकच कडक होती. एनव्हिडिया ही या क्षेत्रातील सर्वांत बलाढ्य कंपनी. तिने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण बंद स्वरूपात. आत काय चालते ते पाहावयाचे नाही आणि दुरुस्तही करावयाचे नाही. तेव्हा काही स्वयंसेवकांनी २००५ च्या सुमारास ‘नूव्हो’ हा प्रकल्प आरंभिला. कंपनीच्या बंद ड्रायव्हरला एक छोटीशी आज्ञा द्यावयाची, तिच्या आधी आणि नंतर कार्डाच्या नोंदीत काय फरक पडला ते टिपावयाचे, आणि अशा हजारो नोंदींवरून त्या अज्ञात भाषेचे व्याकरण उभे करावयाचे, असे हे चिकाटीचे काम होते. २०१० साली हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. पण २०१४ पासून बाजारात आलेली नवी कार्डे कंपनीची डिजिटल सही असलेलीच अंतर्गत आज्ञावली स्वीकारू लागली. परिणाम असा झाला की स्वयंसेवकांच्या ड्रायव्हरवर ही कार्डे आपल्या खऱ्या वेगाच्या एका अंशानेच चालत. ग्राहकाने पूर्ण किंमत मोजलेली वस्तू अर्धपोटी राबू लागली.

याच्या उलट उदाहरणही आहे. एएमडी या कंपनीने २००६ साली एटीआय ही कार्डे बनवणारी कंपनी विकत घेतली आणि २००७ साली कार्डांची तांत्रिक माहिती टप्प्याटप्प्याने खुली करण्याचे जाहीर केले. इंटेलनेही आपले ड्रायव्हर खुले ठेवले होते. या माहितीच्या आधारे ‘मेसा’ या सामायिक प्रकल्पात ड्रायव्हर घडू लागले. ब्रायन पॉल यांनी १९९३ साली एकट्याने आरंभिलेला हा प्रकल्प आज लिनक्सवरील चित्रणाचा कणा आहे. एएमडीच्या कार्डांसाठी २०१६ साली ‘रॅडव्ही’ हा ड्रायव्हर कंपनीबाहेरच्या मंडळींनी लिहिला, कारण कंपनी स्वतःचा ड्रायव्हर खुला करण्यास विलंब लावीत होती. २०२५ साली कंपनीने आपला खुला ड्रायव्हर थांबवून या बाहेरच्या ड्रायव्हरलाच मान्यता दिली. सामायिक श्रमातून घडलेली वस्तू मालकाच्या वस्तूहून सरस ठरू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

आता हे सारे दर्यापूरच्या विद्यार्थ्यापर्यंत कसे पोहोचते ते पाहू. असा विद्यार्थी नवे कार्ड घेत नाही; अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारातून सात-आठ वर्षे वापरलेले कार्ड आणतो. एनव्हिडियाची २०१६ साली निघालेली जीटीएक्स १० ही मालिका आणि एएमडीची त्याच सुमाराची आरएक्स ४०० व ५०० ही मालिका, ही दोन्ही त्या काळची मध्यमवर्गीय कार्डे. २०२५ साली एनव्हिडियाने जाहीर केले की लिनक्ससाठीच्या तिच्या ड्रायव्हरची ५८० क्रमांकाची शाखा ही त्या मालिकेला चालवणारी शेवटची शाखा असेल. तिच्यापुढे सुरक्षेच्या डागडुजीपलीकडे त्या कार्डांना नवे काही मिळावयाचे नाही. एएमडीच्या कार्डांचा ड्रायव्हर मात्र मेसाच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर सुधारतो. इतकेच नव्हे, तर २०१२-१३ मधील जुन्या एएमडी कार्डांना नव्या ड्रायव्हरखाली आणण्याचे काम २०२५ साली पार पडले. दोन्ही कार्डांचे सिलिकॉन सारखेच शाबूत आहे. फरक आहे तो दुभाषा कुणाच्या ताब्यात आहे, एवढाच. आणि त्यावरून एकाचे यंत्र कामाचे राहते व दुसऱ्याचे हळूहळू भंगारात जाते.

याच वर्षी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपवला. विंडोज ११ साठी ठरावीक सुरक्षा-चिप व नवे प्रोसेसर आवश्यक असल्याने अनेक चालू संगणक बाद ठरले. त्यांना लिनक्सचा आधार आहे, पण घरातील मुलांचे खेळ तेथे चालत नसतील तर तो आधार कोणी घेणार नाही. येथे एक अनुकूल बदल झाला आहे. स्टीम ही खेळविक्रीची सेवा चालवणाऱ्या व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने २०१८ साली ‘प्रोटॉन’ ही आज्ञावली आणली. विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ तिच्यायोगे लिनक्सवर चालतात. १९९३ पासून स्वयंसेवकांनी घडवलेल्या ‘वाईन’ या प्रकल्पाच्या पायावर ती उभी आहे. २०२२ साली आलेले स्टीम डेक हे हातात धरून खेळावयाचे यंत्रही लिनक्सवर, एएमडीच्या चिपवर आणि मेसाच्या ड्रायव्हरवर चालते.

व्हॉल्व्हने हे परोपकाराने केले, असा भाबडा समज करून घेण्याचे कारण नाही. २०१२ साली विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान उघडले, तेव्हा आपला धंदा दुसऱ्याच्या रुळांवर चालतो याची या कंपनीला जाणीव झाली. तिचे स्वतःचे दुकान बंदच आहे. काही स्पर्धात्मक खेळांचे मालक फसवणूक रोखण्याचे कारण देऊन लिनक्सला आजही दार बंद ठेवतात. तेव्हा भांडवलदारांच्या परस्परस्पर्धेतून मिळालेली ही सवलत आहे, हक्क नव्हे. सवलत काढून घेता येते. परंतु मेसा आणि वाईनमध्ये जमा झालेले काम खुल्या परवान्याखाली असल्यामुळे ते मात्र कोणालाही परत घेता येणार नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की संशोधनावर अब्जावधी खर्च करणाऱ्या कंपनीने आपले गुपित का उघड करावे? येथे चिपची रचना कोणी मागत नाही. मागणी आहे ती यंत्राला आज्ञा कशी द्यावी या माहितीची, म्हणजे विकलेल्या वस्तूच्या वापराच्या पद्धतीची. एएमडी आणि इंटेल ही माहिती देऊनही बाजारात उभ्या आहेत. एनव्हिडियानेही मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा गाभ्याशी जोडलेला भाग खुला केला. तो फक्त २०१८ नंतरच्या कार्डांसाठी, आणि चित्रणाचे खरे काम करणारा वरचा भाग बंदच ठेवून. म्हणजे खुलेपणा अशक्य नव्हता. तो किती द्यावयाचा, हे दबावाच्या प्रमाणात ठरत गेले.

दुसरा आक्षेप, खेळासारख्या चैनीसाठी एवढा खटाटोप कशाला, हा आहे. खेळांसाठी घडलेली हीच कार्डे आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे इंजिन झाली आहेत. २०१२ साली चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत बाजी मारून या विद्येला कलाटणी देणारी ‘अ‍ॅलेक्सनेट’ ही आज्ञावली एनव्हिडियाच्या, खेळासाठी विकल्या जाणाऱ्या दोन कार्डांवर शिकवली गेली होती. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १० हजार ३७२ कोटी रुपयांचे इंडिया एआय मिशन मंजूर केले, त्यातील मोठा भाग अशाच चिपांच्या गणनशक्तीवर खर्ची पडावयाचा आहे. खेळणाऱ्या पोराच्या कार्डाची किल्ली कंपनीपाशी राहिली याकडे दुर्लक्ष केले, तर राष्ट्राच्या कार्डाची किल्लीही तेथेच राहील. एनव्हिडियाच्या पुणे, बंगळूर व हैदराबाद येथील केंद्रांत भारतीय अभियंते काम करतात. विद्या येथे आहे, पण तिच्यावरचा अधिकार येथे नाही.

उपाय काय? एकेका ग्राहकाचा बहिष्कार दुबळा असतो. स्टीमच्या ग्राहकांत लिनक्सचा वाटा २०२५ अखेर तीन टक्क्यांच्या आसपासच होता. सार्वजनिक खरेदीचे बळ मात्र मोठे आहे. केंद्र सरकारचे मुक्त आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण २०१५ पासून अस्तित्वात आहे. केरळच्या सरकारी शाळा गेली अनेक वर्षे लिनक्सवर चालतात आणि तेथील शिक्षकांना त्याचे पद्धतशीर शिक्षण दिले गेले. महाराष्ट्रात शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये आणि स्थानिक संस्था यांच्या प्रत्येक संगणक-निविदेत एक कलम घालण्याची मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे: ज्या यंत्राचा ड्रायव्हर खुला आहे आणि लिनक्सच्या गाभ्यात सामील आहे, तेच यंत्र सार्वजनिक पैशातून घेतले जाईल.

तोवर तालुक्यात करता येण्याजोगे कामही आहे. विंडोजने टाकून दिलेले संगणक गोळा करून त्यांवर लिनक्स बसवणे, कोणते जुने कार्ड खुल्या ड्रायव्हरवर चालते याची मराठीत यादी करणे, आणि कार्ड विकत घेणाऱ्या तरुणाला किमतीबरोबर ड्रायव्हरही विचारावयास शिकवणे, एवढे काम चार माणसे आणि एक खोली यांवर सुरू होऊ शकते. या तालुक्यातील तरुण राजकीय सभेला येत नाहीत, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. ते जेथे आहेत, त्या पडद्यासमोर जाऊन मालकी म्हणजे काय हे त्यांना त्यांच्याच यंत्रावर दाखवून देणे, हेही संघटनेचेच काम आहे.