‘असे आढळून आले’ – कुणाला?

(मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तुमच्या कार्यकर्तीने मला बोलावताना विचारलं, “बाई, तुम्ही नर्सेसना परिषदेसाठी पेपर लिहायला मदत करता, त्यात बायकांचा प्रश्न कुठे आला?” म्हटलं, येते आणि सांगते.

मी तीस वर्षं सरकारी नोकरी केली. आधी वॉर्डात, मग विद्यार्थिनींना शिकवायला. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच पेपर वाचणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. मी पैसे घेत नाही. चहा मात्र त्यांनी करायचा.

दोन वर्षांपूर्वी एक स्टाफ नर्स आली. हातात टाइप केलेली आठ पानं. पहिली दोन परिचर्येच्या थोरवीची, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल. पुढची पाठ्यपुस्तकातल्या व्याख्यांची. मी विचारलं, “अगं, यात तू कुठे आहेस?” ती गप्प. मग पिशवीतून दोनशे पानी वही काढली. सलाइनसाठी शिरेत घालतात ती सुई, आम्ही तिला इंट्राकॅथ म्हणतो. ती कोणत्या हाताला, मनगटाजवळ की कोपराशी, किती वाजता लावली, आणि जागा लाल कधी झाली, सुजली कधी, याच्या नोंदी. शिरेच्या या दाहाला फ्लेबायटिस म्हणतात आणि तो शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात. दोनवर गेला की सुई काढून दुसरीकडे लावायची. हे सगळं तिनं रात्रपाळीत, कुणी न सांगता लिहिलं होतं. पेपरात मात्र वहीतलं एक अक्षर नाही. “मॅडम, ते तर माझं रोजचं काम. त्यात संशोधन कसलं?”

बायकांचा प्रश्न तो इथे आला. घरात राबतो ते काम नव्हे, आणि वॉर्डात बघतो ते ज्ञान नव्हे. नाइटिंगेलबाईंचंच घ्या. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी 1858 साली रंगीत आकृती काढून दाखवलं. आपल्याला त्यांचा दिवा आठवतो, आकडे नाही.

मग मी तिला बोलायला लावलं. प्रश्न काय पडला, काय केलंस, काय दिसलं, त्याचं पुढे काय करायचं. ती बोलत गेली, मी तिच्याच शब्दांत उतरवत गेले. अडीचशे शब्दांचा गोषवारा त्यातूनच निघतो. ‘असे आढळून आले’ असं तिनं सात ठिकाणी लिहिलं होतं. कुणाला आढळलं? तुलाच ना? मग तसं लिही.

एक कडू गोष्टही सांगावी लागली. रुग्णांवर अभ्यास करायचा तर नैतिकता समितीची परवानगी आधी हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तिच्याकडे परवानगी नव्हती. वही बाजूला ठेवून, अर्ज करून, मंजुरीनंतर चार महिने नव्यानं नोंदी कराव्या लागल्या. त्या दिवशी ती रडली. पण रुग्णाला न विचारता त्याचा हात वापरण्याचा हक्क आपल्यालाही नाही, हे मी सोडलं नाही.

माझी चूकही सांगते. आधीच्या एका मुलीचा पेपर मी इतका सुधारला की त्यात माझीच वाक्यं उरली. व्यासपीठावर कुणी साधा प्रश्न विचारला आणि तिला उत्तर येईना. मान माझी खाली गेली, पण हसं तिचं झालं. तेव्हापासून मी पेन हातात घेत नाही. चुकीच्या जागी बोट ठेवते, वाक्य तिनं बदलायचं.

शेवटी नावाचा प्रश्न आला. वरिष्ठांचं नाव पहिलं घाला, असा निरोप. 1991 साली माझ्या नोंदवहीवरून एक पेपर वाचला गेला होता. त्यात मी होते. ‘परिचारिका वर्गाचे सहकार्य’ या आभाराच्या ओळीत. तेव्हा मी त्यावर पेढे वाटले होते! म्हणून यावेळी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष तिच्या हाती दिले. लेखक कोण? ज्यानं अभ्यासात भरीव काम केलं, मसुदा लिहिला किंवा सुधारला, अखेरच्या मसुद्याला संमती दिली आणि सगळ्याची जबाबदारी घेतली तो. चारही हवेत. भांडण नको, ती नम्रपणे मसुदा घेऊन गेली: “सर, वाचून दुरुस्त्या द्याल?” खरं सांगते, मला वाटलं होतं फाइल धूळ खाईल. पण त्यांनी वाचलं, तक्त्यातली चूक पकडली, मांडणी बसून पुन्हा करून दिली. त्यांचं नाव दुसरं लागलं, आणि ते रास्तच होतं.

परिषदेत दहा मिनिटं मिळाली. नंतर एकानं विचारलं, सुई किती तासांनी बदलावी? मी तिसऱ्या रांगेत हात घट्ट धरून बसलेली. ती म्हणाली, “तासांचा नियम माझ्या नोंदींवरून सांगता येणार नाही. दर पाळीला जागा उघडून बघावी, एवढं मी सांगू शकते.”

पुढच्या महिन्यात माझ्याकडे तिघी येणार आहेत, त्यात एक आशा कार्यकर्ती आहे. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर जरूर या. लिहिलेला पेपर आणू नका. वही आणा.