फोनवरचा अनोळखी आवाज आणि खात्यातली गळती
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून शिष्यवृत्त्या, परीक्षांचे निकाल, मुलींचे उच्च शिक्षण यांवर बोलण्याची आपली रीत आहे. मी मोबाईल फोनवर बोलणार हे कळल्यावर काहींना वाटले असेल की, मुलांच्या हातातून फोन काढून घ्या, एवढेच हा गृहस्थ सांगणार. तसे नाही. मला बोलायचे आहे ते पैशाविषयी. मुलांच्या फीसाठी बाजूला ठेवलेला पैसा फोनच्या वाटेने घराबाहेर कसा जातो आणि गेल्यावर आपण गप्प का बसतो, याविषयी.

आपल्या किनाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, कुठेही जा. कर्ता पुरुष बोटीवर किंवा आखाती देशात आणि घरी वडीलधारी माणसे, बायका व शाळकरी मुले, असे चित्र दिसते. पूर्वी पत्राची नाहीतर मनीऑर्डरची वाट पाहावी लागे, ट्रंक कॉलसाठी तासन् तास बसावे लागे. आज त्या सगळ्याची जागा फोनने घेतली आहे. त्यामुळे आपल्या घरात फोन वाजला की तो उचललाच जातो. ९७१, ९६५, ९६८ असे आकडे दिसले की शहरातला माणूस सावध होतो, आपली आजी मात्र धावत जाते. नातवाचा फोन असणार! फसवणाऱ्याला आणखी काय हवे?

परदेशी क्रमांकावरून एकदाच घंटी वाजवून फोन बंद करायचा आणि समोरच्याने उलट फोन केला की महागड्या दराने त्याचे पैसे उडवायचे, हा प्रकार जगभर चालतो. आपल्या घरांत तो अधिक चालण्याचे कारण अज्ञान नव्हे, माया आहे. म्हणून घरातल्यांना एवढे सांगून ठेवा की, परदेशी असलेल्या माणसाचा क्रमांक नावानिशी फोनमध्ये नोंदवलेला असला पाहिजे. नाव न दिसणाऱ्या परदेशी क्रमांकाला उलट फोन करू नये. खरोखर आपलाच माणूस असेल, तर तो पुन्हा करील.

आता लहान गळतीकडे येऊ. प्रीपेड फोनमधून कधी गाण्याचे, कधी क्रिकेटच्या बातम्यांचे, कधी राशिभविष्याचे तीस-चाळीस रुपये कापले जातात. असली सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेतली पाहिजे, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१३ साली काढला. सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा विनाशुल्क क्रमांकही त्याच वेळी सर्व कंपन्यांसाठी एकच ठरवून दिला. किती घरांना हा क्रमांक ठाऊक आहे? तीस रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असे आपण म्हणतो. महिना तीस म्हणजे वर्षाचे तीनशे साठ, आणि घरात चार फोन!

बँकेच्या खात्याचेही तसेच. मात्र येथे थोडा विवेक हवा. खात्यातून मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी २० रुपये गेले म्हणून काहीजण बँकेत जाऊन वाद घालतात. बहुधा ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची वर्षाची रक्कम असते. पूर्वी ती १२ रुपये होती, जून २०२२ पासून २० झाली. अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. दर्यावर जाणाऱ्या माणसाने हे वीस रुपये वाचवण्यात शहाणपण नाही. उलट, असा विमा आहे हे घरात कोणालाच माहीत नसते आणि माणूस गेल्यावर दावा करायचा राहून जातो, हे खरे दुःख आहे. जीवनज्योती योजनेचे ४३६ रुपये जातात तेही याच दिवसांत. संमती दिली नसेल तर बँकेला जरूर विचारा. पण आधी कशाचे पैसे ते पाहा. मुलाच्या शिष्यवृत्तीच्या खात्यातून किमान शिल्लक नाही म्हणून दंड गेला, तर ते खाते कोणत्या प्रकारचे आहे ते विचारा. मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लक ठेवण्याची अट नसते.

जाहिरातींच्या फोनचा उपद्रव तर रोजचाच. दुपारी जरा डोळा लागला की कर्ज हवे का, प्लॉट हवा का! असे फोन नकोत म्हणणाऱ्यांची देशव्यापी नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि पुढे नियम अधिक कडक झाले. १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते. नोंद करूनही फोन आला तर सात दिवसांच्या आत तक्रार करता येते, अशी सुधारणा २०२५ साली झाली. हे फोन त्रासाचे असतात. पण ज्या फोनाने घर बसते तो जाहिरातीचा नसतो. तो अधिकाऱ्याच्या आवाजात येतो.

‘मागील महिन्याचे बिल न भरल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडण्यात येईल, त्वरित या क्रमांकावर संपर्क साधा.’ अशा धर्तीचे संदेश २०२२ पासून महाराष्ट्रभर फिरले. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ ज्यांनी सोसले आणि पुढे कित्येक दिवस अंधारात काढले, त्यांना वीज जाणार म्हटले की धडकी भरते. माणूस घाबरून फोन करतो. पलीकडचा सभ्य गृहस्थ एक ॲप घ्यायला सांगतो, किरकोळ दहा रुपये भरायला लावतो आणि त्या ॲपमधून तुमच्या फोनचा पडदा त्याला दिसू लागतो. पुढचे सांगायला नको. महावितरणने पुन्हा पुन्हा कळवले आहे की, कंपनी वैयक्तिक मोबाईल क्रमांकावरून असे संदेश पाठवीत नाही. तिच्या अधिकृत संदेशावर पाठवणारा म्हणून एमएसईडीसीएल ही अक्षरे असतात. शंका आली तर वीजबिल हातात घेऊन कार्यालय गाठा.

आपल्या मुलांना गाठणारा दुसरा आवाज नोकरीचा असतो. ‘बोटीवर लावून देतो, सीडीसी आहे ना? दोन लाख तयार ठेवा.’ येथे मी पालकांना स्पष्ट सांगतो. भारताने २०१५ साली स्वीकारलेला आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आणि त्याप्रमाणे २०१६ साली केलेले नियम यांनुसार खलाशाला नोकरी लावून देण्याबद्दल त्याच्याकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च तेवढा त्याचा. बोटीवर भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना, म्हणजे आरपीएसएल क्रमांक, असावा लागतो आणि तो महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. तेव्हा जो पैसे मागतो तो दलाल महागडा आहे की स्वस्त, हा प्रश्नच उरत नाही. आखातातील नोकरीचा कायदा वेगळा आहे. तेथे नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी, एवढेच सेवाशुल्क घेता येते आणि त्याची पावती द्यावी लागते. एजंटाची नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसते. उमरा-हजची सहल काढणाऱ्यांचीही अशीच चौकशी करावी. पवित्र कामासाठी पैसे देताना पावती कशी मागायची, हा संकोच ज्यांना सोयीचा आहे तेच त्याचा फायदा घेतात.

आणि तिसरा आवाज पोलिसाचा. तुमच्या आधार क्रमांकावर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या खात्यातून देशविघातक कामाला पैसा गेला, फोन बंद करू नका, कोणाला सांगू नका, खोलीचे दार लावून कॅमेऱ्यासमोर बसा. याला ते ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. कायद्यात अशी अटक नाही. कोणताही पोलीस अधिकारी, न्यायाधीश अगर सीबीआय व्हिडिओ कॉलवर अटक करीत नाही आणि चौकशीसाठी पैसे मागत नाही. शिकलेले डॉक्टर, निवृत्त अधिकारीही यात फसले आहेत. आपल्या नावामुळे अशा आरोपाची भीती आपल्याला जरा अधिक वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही. फसवणाऱ्यालाही ते ठाऊक असते. पण ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द ऐकताक्षणी फोन ठेवावा आणि शेजाऱ्याला हाक मारावी. खऱ्या पोलिसाला तुम्ही शेजाऱ्याला बोलावल्याची अडचण होत नाही.

कर्ज देणाऱ्या ॲपची तऱ्हाही तीच. पाच हजारांचे कर्ज देताना ते फोनमधले सगळे क्रमांक उचलतात आणि मग मामा, मेहुणे, शाळेतले सर, सगळ्यांना फोन करून बदनामी करतात. कर्जाच्या ॲपने ग्राहकाच्या फोनमधील संपर्कयादी पाहू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये बजावले. मुलाने असे कर्ज घेतले आणि घरी कळले, तर पालकांनी आधी त्याला धीर द्यावा. बोलणी नंतर खाऊ द्यात. घरच्यांच्या रागाची भीती, ही त्या ॲपवाल्याची खरी वसुली आहे.

पैसे गेलेच तर काय करावे? पहिल्या तासात १९३० वर फोन करावा. या क्रमांकाचे महत्त्व समजून घ्या. तुमच्या खात्यातून गेलेला पैसा लागलीच काढला जात नाही. तो दुसऱ्याच्या खात्यात, तेथून तिसऱ्याच्या खात्यात, असा पळत राहतो. १९३० वर नोंद झाली की त्या त्या बँकांना कळवून तो वाटेतच अडवण्याची व्यवस्था २०२१ पासून आहे. रात्रभर लाजेने तोंड लपवून बसलात, तर सकाळी अडवायला काही उरत नाही. त्याच वेळी बँकेलाही कळवावे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले की, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून बाहेरच्या कोणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा बोजा पडणार नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले. पण कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे चूक झाली असली तरी कळवण्यात लाभच आहे. आणि पैसे येण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही, हे आज घरी गेल्यावर सर्वांना सांगा.

विद्यार्थी मित्रांनो, तो पळणारा पैसा ज्या खात्यांतून पळतो ती खाती कोणाची असतात? पुष्कळदा तुमच्याच वयाच्या मुलांची. ‘तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच हजार घे,’ असे मित्राचा मित्र सांगतो. त्या खात्यात कोणाच्या तरी आईचे उपचाराचे पैसे येऊन जातात आणि पोलीस पहिल्यांदा येतात ते खातेदाराच्या दारात. पुढे पासपोर्टच्या वेळी पोलीस पडताळणी होते, तेव्हा ते पाच हजार फार महाग पडतात.

फसवणूक नसून नुसती अडवणूक असेल, वस्तू खराब निघाली, सेवा दिली नाही, पैसे परत मिळत नाहीत, तर तिच्यासाठी ग्राहक कायदा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीने घरोघरच्या गृहिणींना एकत्र आणले, आणि १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. आता २०१९ चा कायदा आहे. आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही, आणि ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर बोलून पाहावे. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

या सगळ्यासाठी लागते ते लेखी काम, आणि ते दहावीच्या विद्यार्थ्याला चांगले जमेल. अर्जलेखन तुम्ही परीक्षेसाठी शिकताच. येत्या रविवारी घरचे पासबुक भरून आणा, वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि गेल्या सहा महिन्यांतली प्रत्येक कपात त्यांना वाचून दाखवा. जिचा अर्थ लागणार नाही तिच्यासाठी शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा. खाते क्रमांक, कपातीची तारीख, रक्कम आणि ‘ही रक्कम कोणत्या संमतीने कापली ते लेखी कळवावे’ एवढे एक वाक्य पुरे. अर्जाच्या दोन प्रती करा, आणि दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.