परदेशी गुरुजींचा वाढदिवस
(वार्षिक संमेलनातील भाषण)



माझा पुतण्या काही वर्षे इथिओपियात, अदिस अबाबा येथे, गणिताचा शिक्षक होता. त्याचा जन्म ऋषिपंचमीचा. इंग्रजी तारीख १२ सप्टेंबर. २००७ साली नेमका त्याच दिवशी तेथील वर्षारंभ आला, आणि उजाडले ते २००० साल! तेथील कालगणना इंग्रजी सनाहून सात-आठ वर्षे मागे चालते. महिने तीस दिवसांचे बारा, आणि वर पाच-सहा दिवसांचा तेरावा. (सन मागे गेला म्हणून वय घटत नाही, हे गणिताच्या शिक्षकास सांगावयास नको.) तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्या सकाळच्या सातास तेथे एक वाजतो. आपला वारही सूर्योदयीच पालटतो, म्हणून मला हे परके वाटले नाही.

त्या दिवशी रिवाजाप्रमाणे शेजारची मुले पिवळी रानफुले घेऊन दारी आली. शेजारणीने समोर बिया भाजून तीनदा कॉफी पाजली. वाढदिवसाविषयी त्याने चकार शब्द काढला नव्हता.

इकडे वहिनींना तारीख मान्य नव्हती. त्यांनी १६ सप्टेंबरला, ऋषिपंचमीस, रिकाम्या पाटापुढे निरांजन ओवाळले. सायंकाळी त्याचा दूरध्वनी आला.

"आई, चार दिवसांपूर्वीच सारी आळी फुले घेऊन आली होती."

वहिनींनी विचारले, "आणि ओवाळले कोणी?"