घरांतला शरद ऋतु

शरद ऋतूचें वर्णन करावयाचें झाल्यास आपल्याकडे कवींचीं साधनें ठरलेलीं आहेत. निवळलेलें आकाश, संथ झालेल्या नद्या, कमळें, हंस आणि चांदणें. आज मी ज्या शरदाविषयीं बोलणार आहें, त्यांत हंस नाहींत आणि कमळेंहि नाहींत. तो पुण्यांतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचा, दोन खोल्यांचा व एका गॅलरीचा शरद आहे. त्यांत दोरीवर वाळणारीं दुपटीं आहेत, पहिलींतल्या मुलीच्या वह्या आहेत, चकलीच्या भाजणीचा वास आहे, आणि दुपारीं दोन वाजतां कोणासच न सोसणारें ऊन आहे.

आश्विन व कार्तिक हे शरदाचे दोन महिने. या दिवसांत पाऊस एकदम जात नाहीं. हवामान खात्यानें २०२० सालीं ज्या सरासरी तारखा नव्यानें ठरविल्या, त्यांप्रमाणें मोसमी वारे पश्चिम राजस्थानांतून १७ सप्टेंबरच्या सुमारास मागें फिरूं लागतात, आणि १५ ऑक्टोबरच्या सुमारास साऱ्या देशांतून निघून जातात. ढग हटतात, ऊन सरळ अंगावर येतें, पण चार महिने भिजलेली जमीन अजून ओलीच असते. तिचा ओलावा हवेंत चढतो, घाम वाळत नाहीं, आणि मोठीं माणसें चिडचिडीं होतात. पहांटे मात्र अंगावर पांघरूण ओढावेसें वाटतें. दिवस व रात्र यांतील हा फरक लहान मुलांच्या नाकाघशाला ताबडतोब कळतो. शरदाला वैद्यांची आई म्हणतात, तें उगाच नव्हे.

त्यांत सांठलेल्या पाण्याची भर पडते. डेंग्यूचा प्रसार करणारा डांस गटारांत वाढत नाहीं. कुंडीखालची थाळी, फुलदाणी, गच्चीवर पडलेला डबा, असलें स्वच्छ व स्थिर पाणी त्यास लागतें. तो चावतो तोहि दिवसा, म्हणजे बाळ दुपारीं पाळण्यांत निजलेलें असतें त्या वेळीं. अंड्यापासून डांस तयार होण्यास आठदहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यांतून एकदां घरांतलीं सारीं भांडीं व थाळ्या रिकाम्या करून, घांसून, कोरड्या करणें हा सर्वांत सोपा उपाय आहे. आमच्या घरीं हें काम दर शनिवारीं माझ्या थोरल्या मुलीकडे होतें. ती सहा वर्षांची होती. काम ती चोख करी. त्याचा मला अभिमान वाटे, आणि आज मी जें सांगणार आहें त्याची सुरुवातहि त्या अभिमानांतच आहे.

चार वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचा धाकटा आषाढांत झाला. आषाढापर्यंत जी मुलगी घरांत सर्वांत लहान होती, ती एका सकाळीं सर्वांत मोठी झाली. तिचें वय मात्र त्या सकाळीं एका दिवसानेंच वाढलें होतें. आम्हां वडील माणसांच्या हें ध्यानांत आलें नाहीं. "तूं आतां मोठी झालीस," हें वाक्य घरांत दिवसांतून दहा वेळां ऐकूं येई. मोठी झालीस, स्वतःच्या हातानें जेव. मोठी झालीस, आजीजवळ नीज. मोठी झालीस, बाळाचें दुपटें आण. मोठेपणाचीं सारीं कामें आम्हीं तिला दिलीं. मोठेपणाचा मान म्हणून कांहीं द्यावयाचा असतो, हें मात्र राहून गेलें.

नवरात्र आलें. सासूबाईंनीं घट बसविला. पत्रावळीवर काळी माती पसरून तींत धान्य पेरलें, आणि त्यावर रोज थोडें पाणी शिंपडण्याचें काम नातीला दिलें. त्या वेळीं बाळाला सर्दी झालेली होती. नाक चोंदल्यामुळें त्याला धड दूध ओढतां येईना, आणि आदल्या रात्रीं आम्हीं दोघेंहि जागीं होतों. दुपारीं साडेबारा-एकाच्या सुमारास कसाबसा त्याचा डोळा लागला. मी पाळण्याची दोरी हातांतून सोडली, भिंतीला टेकलें, आणि तोंच ती देवघरांतून धांवत आली व पाळण्याशींच उभी राहून मोठ्यानें ओरडली, "आई, उगवलें! धान्य उगवलें!"

बाळ दचकून उठलें व रडूं लागलें. मीं तिच्या पाठींत धपाटा घातला.

लागण्यासारखा तो नव्हता, असें मी त्या वेळीं मनाशीं म्हणालें. ती रडली नाहीं, म्हणून तर माझी खात्रीच झाली. ती मुकाट्यानें आजीच्या खोलींत गेली. बाळ पुन्हा निजलें, संध्याकाळीं त्याला बरें वाटूं लागलें, आणि तो धपाटा मी विसरून गेलें.

पुढें तीनचार दिवसांनीं आमच्या इमारतीच्या गच्चीवर भोंडला होता. मधोमध पाटावर हत्ती काढावयाचा, कारण तो हस्त नक्षत्राचा हत्ती. त्याभोंवतीं मुलींनीं फेर धरावयाचा, गाणीं म्हणावयाचीं आणि शेवटीं डब्यांतली खिरापत ओळखावयाची. बाळामुळें मी वर गेलें नाहीं. खिरापतीचा डबा तेवढा मुलीबरोबर पाठविला. परत आली तेव्हां शेजारच्या काकू तिला पोंचवावयास आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हिचा घसा बसला आहे का? फेरांत नुसते ओंठ हलवीत होती. खिरापत ओळखली ती सुद्धां माझ्या कानांत सांगितली."

घसा बसला नव्हता. तेव्हां कुठें माझ्या ध्यानांत आलें कीं, गेल्या तीनचार दिवसांत त्या मुलीचा आवाज मीं ऐकलाच नव्हता. ती कुजबुजत होती. पाणी मागावयाचें तर कुजबुजून, शाळेंतलें सांगावयाचें तर कुजबुजून. बाळ निजलें असो कीं जागें असो, आणि आतां तर गच्चीवर मोकळ्या आभाळाखालीं सुद्धां! आणि याहून वाईट म्हणजे, घरांत शांतता वाढल्याचें मला बरें वाटत होतें. "अलीकडे किती शहाण्यासारखी वागते," असें मी आदल्याच दिवशीं तिच्या वडिलांना म्हणालें होतें.

श्रोतेहो, मूल हट्ट करतें, वस्तु फेंकतें, धाकट्याला चिमटा काढतें, तेव्हां त्याच्या मनांतलें निदान आपल्या कानांवर तरी येतें. जें मूल एकाएकीं शहाणें होतें, त्याच्याकडे आपण वळूनहि पाहत नाहीं. त्याच्या शहाणपणाचा आपणांस फायदा होत असतो, म्हणून आपण त्याची चौकशी करीत नाहीं.

मीं तिला विचारून पाहिलें. "मोठ्यानें बोल कीं ग," म्हटलें. तिनें नुसती मान हलवली. दसऱ्याच्या दिवशीं तिनें पाटीवर एकांची सरस्वती काढली. एकाच आंकड्याच्या ओळी मांडून ती काढतात, हें आपणांस ठाऊकच आहे. ती पाटी घेऊन ती माझ्या खोलीच्या दारांत येऊन उभी राहिली, आणि माझें बोट आपोआप ओठांवर गेलें. इतकें सारें कळल्यावरहि गेलें! संवयीचा हात मनाच्या पुढें धांवतो. ती पाटी घेऊन परत फिरली. संध्याकाळीं पूजेंतल्या पुस्तकांखालीं मला ती सांपडली. सरस्वती सुरेख काढली होती.

मग कोजागरी आली. या रात्रीं लक्ष्मी घरोघर हिंडून "कोण जागें आहे?" असें विचारते, अशी आपली श्रद्धा आहे. तीन महिन्यांचें मूल ज्या घरांत आहे, तेथें हा प्रश्न रोजच विचारला जातो व त्याचें उत्तर एकच असतें. त्यामुळें लक्ष्मीला आमच्या घरीं फार वेळ थांबावें लागलें नसेल. आमच्या गॅलरींतून चंद्र दिसावयास जरा उशीर होतो. दूध आटवून, केशर-वेलदोडे घालून, पातेलें गॅलरींत ठेवलें होतें. एक थेंब नातवाच्या जिभेला लावावा, असें सासूबाईंच्या मनांत होतें. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधावांचून पाणीहि देऊं नये, असें डॉक्टरांचें सांगणें. त्यांना तें पटलें कीं नाहीं कोण जाणे, पण त्यांनीं माझा शब्द राखला. वाटींतल्या दुधांत पडलेला चंद्र त्यांनीं त्याला दाखवला, आणि म्हणाल्या, "झाली याची कोजागरी. आतां आश्विनी करायची आहे."

आश्विनी म्हणजे घरांतल्या पहिल्या अपत्याला या पौर्णिमेस ओवाळण्याची चाल. पुष्कळ घरीं ती अजून आहे. आमच्या घरीं मात्र एकुलतें मूल म्हणून दरवर्षीं ती सहज उरकली जाई व तींत कोणालाच विशेष वाटत नसे. या वर्षीं सासूबाईंनीं नातीला नवा फ्रॉक घातला, पाटाभोंवतीं रांगोळी काढली, आणि निरांजनाचें ताम्हन माझ्या हातांत दिलें. बाळ त्यांनीं स्वतःकडे घेतलें.

मीं कुंकू लावलें. ती कुजबुजली, "बाळाला कधीं ओवाळायचें?"

"बाळाला नाहीं. हें पहिल्या मुलाचें असतें."

"पुढच्या वर्षीं?"

"पुढच्या वर्षींहि नाहीं. कधींच नाहीं. ही फक्त तुझी पौर्णिमा."

तिनें थोडा विचार केला, आणि ती एकदम खदखदून हंसली. बाळ दचकलें व रडूं लागलें. त्याबरोबर तिनें दोन्ही हातांनीं स्वतःचें तोंड गच्च दाबलें आणि माझ्याकडे पाहिलें. तें पाहणें मी अजून विसरलें नाहीं. सहा वर्षांच्या मुलीनें आपल्या आईकडे तसें पाहूं नये.

मीं ताम्हन खालीं ठेवलें व तिचे हात बाजूला केले. म्हटलें, "रडूं दे त्याला. मुलें रडतातच. त्या दिवशीं मीं तुला मारलें, तें माझें चुकलें." तिनें त्यावर कांहीं उत्तर दिलें नाहीं. थोड्या वेळानें विचारलें, "तें उगवलेलें धान्य तूं मग पाहिलेंस का?"

मीं पाहिलें नव्हतें. घट उठले होते, दसऱ्याला तीं रोपें देवाला वाहून झालीं होतीं, आणि तिनें नऊ दिवस पाणी घालून वाढवलेलें तें हिरवें शेत मीं एकदांहि जवळ बसून पाहिलें नव्हतें. मी तसें सांगितलें. खोटें बोललें असतें तर तिला कळलें असतें.

आपल्याकडे आशीर्वाद देतांना आयुष्य शरद ऋतूंनीं मोजतात; शंभर शरद पाहा, असें म्हणतात. ओवाळतांना मीं हि मनांत तेंच म्हटलें. पण आपण मुलाला जे शरद देतों, त्यांतील पहिले दहाबारा आपल्याच घरांतले असतात, आणि पुढें आठवावयाचे तेहि तेच असतात.

त्या एका रात्रीनें सारें बदललें, असें सांगितल्यास तें खरें होणार नाहीं. तिचा आवाज हळूहळू परत आला. आम्हीं एवढेंच केलें कीं, रोज संध्याकाळीं तिचे वडील कामावरून आले म्हणजे बाळाला घेऊन गच्चीवर जात, आणि तीं पंधरा मिनिटें माझीं व तिचीं असत. त्या वेळांत मी तिला कोणतेंहि काम सांगत नसें; "मोठी" हा शब्द उच्चारीत नसें. पहिले दोन दिवस काय बोलावें हें आम्हां दोघींनाहि सुचेना. मग तिनें दिवाळीचा किल्ला काढला. गॅलरीच्या कोपऱ्यांत विटा, वर गोणपाट, त्यावर लाल माती. मीं माती कालवली. बुरूज कुठें हवा, हें तिनें ठरविलें. शेवटीं मातीवर अळीव पेरलें.

ज्या घरीं लहान मुलें आहेत, तेथें दिवाळीपूर्वीं आणखी एक गोष्ट ठरवून ठेवावी. फटाके वा पणत्या असतील तेथें मुलांना सुती व अंगाबरोबर बसणारे कपडे घालावे, आणि जवळ पाण्याची बादली असावी. भाजलेंच तर वीस मिनिटें नळाचें वाहतें थंड पाणी त्या जागेवर धरावें. बर्फ, तूप, टूथपेस्ट यांपैकीं कांहींहि लावूं नये, आणि मग डॉक्टरांकडे न्यावें. घाबरलेल्या घरांत त्या क्षणीं कोणास कांहीं सुचत नाहीं, म्हणून हें आधींच सर्वांना सांगून ठेवलेलें बरें.

वसुबारसेच्या सकाळीं बाळ नुकतेंच निजलें होतें. मी पोळ्या लाटीत होतें. गॅलरींतून हांक आली. कुजबुज नव्हे, साऱ्या इमारतीला ऐकूं जावी अशी हांक. "आई, अळीव उगवलें!"

पाळण्यांत रडणें सुरू झालें. मीं गॅस बंद केला, पिठाच्या हातानेंच बाळाला खांद्यावर घेतलें, आणि किल्ला पाहावयास गेलें. बुरुजाच्या पायथ्याशीं, बोटभर जागेंत, हिरवें दिसत होतें. आम्हीं तिघांनीं तें पुष्कळ वेळ पाहिलें. पोळी तव्यावर करपून गेली होती.